आठ थेंबांचं माप

११ ऑगस्ट, सोमवार

आठ!

सातव्या थेंबापर्यंत निळंच होतं. आठवा पडला आणि पिवळं झालं, हळदीचं बोट बुडवल्यासारखं. निनादला बोलून निरोप पाठवला, 'आठ.' त्याने लगेच अंगठा पाठवला. अंगठेबहाद्दर मी, आणि अंगठा उठवतो हा इंजिनिअर!

हे मी फोनशी बोलतेय आणि फोन लिहून घेतोय. निनाद, माझा नातू, त्यानेच जाताना घालून दिलं. 'आजी, तू नुसती बोल, हा लिहील. रोज काय केलंस ते सांगत जा, म्हणजे विसरणार नाहीस.' मला अक्षर येत नाही. म्हणजे मी सांगितलेलं उद्या मलाच वाचता यायचं नाही. इतकी गुप्त वही राजवाड्यातही नसेल.

तर आठ. पाण्याची ताकद आठ. निनाद तिला केएच म्हणतो. पोवळी या ताकदीतून आपली हाडं बांधतात. सात ते नऊ असली की खूश. खाली गेली की उपाशी, वर गेली की भाजतात. छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी घ्यायचं, एकेक थेंब औषध टाकायचं, हलवायचं, रंग बघायचा. किती थेंबांनी निळ्याचं पिवळं झालं, तोच आकडा. मोजायला अक्षर कशाला लागतं? आणि रंग ओळखायला आमच्या घरात कोण शिकवणार! माहेर रंगाऱ्यांचं, सासर शिंप्यांचं.

जिथे ह्यांचं शिलाईचं मशीन होतं तिथे आता चार फूट लांब समुद्र आहे. ह्यांचं मशीन गेलं माझ्या खोलीत. समुद्र म्हैसुरापासून पाच-सहा तास लांब, पण आमच्या निनादने पिशवीतलं मीठ गोड्या पाण्यात कालवून हॉलमध्ये आणून ठेवला. चार वर्षं जपला. मग जूनमध्ये नोकरीने त्यालाच उचलून नेदरलँडला नेलं. समुद्र राहिला, मी राहिले.

१२ ऑगस्ट

आठ. अंगठा.

१६ ऑगस्ट

शेजारच्या मालतीबाई आल्या होत्या. टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या. कॉफी प्यायल्या, वर मलाच प्रश्न. 'खायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग हे मासे कशाला हो भागीरथीबाई?'

म्हटलं, 'नवरेही आपण खायला-विकायला पाळले नव्हते.'

हसून हसून कॉफी सांडली त्यांची.

मासे दोनच. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. बायको मोठी, नवरा लहान. तो जरा पुढे गेला की ती टोचते, तो थरथरतो आणि मागे सरतो. संध्याकाळी तासभर बघत बसते. टीव्हीपेक्षा बरं.

मालतीबाईंना सगळी पोवळी दाखवली. ती झालरवाली हलणारी. ती काजबटणं — खरंच बटणांसारखी दिसतात हो, गोल, मध्ये टिकली. आणि तो जांभळा, फांद्याफांद्यांचा, टोकं निळी. निनादने बोटाच्या पेराएवढा तुकडा आणला होता, आता माझ्या पंजाएवढा झालाय. विमानतळावर निघताना पोराने मला मिठी मारली, मग आत जाऊन काचेला हात लावून आला. आधी मला, मग त्याला. नंबर पहिला माझा, एवढं समाधान.

मालतीबाई उठताना म्हणाल्या, 'लेकीचे दिवस भरत आलेत. नंजनगूडला जाऊन राहते दोन महिने.'

म्हटलं, जा की. सुम्मने, उगाच इथे बसून काय करणार.

२४ ऑगस्ट, रविवार

निनादचा फोन. खूश होता. 'आजी, तू तर एक्स्पर्ट झालीस! दोन महिने आठाच्या इकडेतिकडे नाही. आता रोज नको मोजत जाऊस. आठवड्यातून एकदा पुरे. रविवारी.'

म्हटलं, 'बरं.'

शाबासकी दिली आणि सहा दिवस काढून घेतले.

२५ ऑगस्ट

मोजायचं नाही. तांब्याभर गोडं पाणी टाकीत घातलं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालावं लागतं. कपडे वाळत घातले. भात केला. एकटीचा भात कितीही कमी लावला तरी उरतो.

३१ ऑगस्ट, रविवार

आठ. फोन आला. दूध तापायला ठेवलं होतं, ते वर यायच्या आत संपला. त्यातलं अर्धं 'हॅलो, ऐकू येतंय का?'

अरुण आणि मृदुला यायचे होते बंगळूरहून. नाही जमलं. लेकाचं ऑफिस, सुनेचं ऑफिस. माझं ऑफिस हे इथेच.

३ सप्टेंबर, बुधवार

मोजायचा वार नव्हता. तरी मोजलं. आठ.

निरोपात म्हटलं, 'सहा.'

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं.

फोन खाली ठेवायच्या आत वाजला! निनादच! 'आजी, सहा? नक्की सहा? परत मोज ना, मी थांबतो.' थांबला! मी बाटली भरली, थेंब टाकले. पाचव्याला तो विचारतो, 'काय रंग?' म्हटलं, 'निळा.' आठव्याला पिवळं झालं तेव्हा मी आधीच 'सहा' सांगून बसले होते. मग म्हणाला, मासे खातायत का, झालर उघडलीय का, आणि आजी, तू जेवलीस का. काय जेवलीस? अवरेकाळूचं, पावट्याचं सारू? मोसम नसताना ताज्या शेंगा मिळतात? तिकडे कोथिंबीर कुंडीसकट विकतात म्हणे. पोरगं हसत होतं. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. भाताचा चिखल झाला. खाल्ला आनंदाने.

फोन ठेवताना म्हणाला, 'काळजी करू नको, मी इथून सांभाळतो.' परदेशी गेलेले सगळे हेच म्हणतात. इथून सांभाळतो!

मी काही ओतलं नाही टाकीत. बोलण्यातच काय ते कमी होतं, पाण्यात नव्हतं.

५ सप्टेंबर

सहा म्हटलं. फोन. सायकल शिकतोय पुन्हा नव्याने. तिकडे सायकलवाल्यांचाच दरारा, गाड्या थांबतात. एकदा पडला. कोपर सोललंय. आईला सांगू नको म्हणाला. आता माझ्याकडे एक गुपित आहे!

७ सप्टेंबर, रविवार

सहा म्हटलं. 'अजून सहाच? फार खातायत वाटतं पोवळी. की औषध जुनं झालं?' मी गडबडले. म्हटलं, 'औषध कसलं जुनं, मी जुनी.' हसला. सुटले.

खरा आकडा मात्र नऊ आला. असेल. एखादा थेंब मोठा पडला असेल.

९ सप्टेंबर

दहा.

दोनदा मोजलं. दारात उजेडात जाऊन मोजलं. दहा. मी तर काही घातलं नाही!

निनादला म्हटलं, 'सहा.' आज तासभर बोलला. त्याच्या खोलीत एकटाच असतो म्हणे, बरोबर काम करणारे संध्याकाळी पाचाला आपापल्या घरी पळतात. म्हणाला, 'इथे कुणी कुणाला उगाच फोन करत नाही, आजी.'

इथे तरी कुठे करतात.

१२ सप्टेंबर

अकरा. हीटरवर पांढरं साचलंय, जुन्या किटलीत साचतं तसं. नखाने खरवडलं तर निघेना. जांभळ्याची टोकं निळी होती, ती फिकी दिसतायत.

मला वाटतं भास आहे. नाही. रंगात मला भास होत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी कृष्णमूर्ती आला. हा माशांच्या दुकानाचा. महिन्याला मीठ आणि शुद्ध पाण्याचे कॅन आणून देतो. टाकीसमोर उभा राहिला आणि त्याचा चेहराच उतरला. मोठा पंप गुरगुरत होता, बाहेर काढला तर चुन्याने भरलेला. मग खाली वाकून त्याने थेंबांचं मशीन बघितलं. दोन बाटल्यांतून दोन नळ्यांनी दिवसभर थेंब थेंब ताकद सोडणारं ते.

'अज्जी, यारु जास्ती माडिद्दु?'

कोण जास्ती करणार! मी हात लावत नाही त्याला. म्हटलं, 'नानल्ला.' मी नाही.

मग तोच म्हणाला, निनाद सरच करतात ना. तिकडून, फोनवरून. बोट फिरवलं की इथे मशीन जास्त सोडतं.

मी खाली बसले. खुर्ची नव्हती तरी बसले.

मला वाटत होतं, कमी पडलं तर तो मला ओतायला सांगणार, ओतणं माझ्या हातात. मी ओतणार नव्हते, म्हणून खोटं बोलायला भीती नव्हती. 'इथून सांभाळतो' म्हणाला तो खरंच सांभाळत होता. मी सहा म्हटलं की तो तिकडून थोडं वाढवायचा. पुन्हा सहा, पुन्हा वाढवायचा. हे सगळं पाणी माझ्या जिभेनं भाजलं.

एकदा दुकानात एका बाईने लाजून कमरेचं माप दोन इंच कमी सांगितलं होतं. ह्यांनी तसंच शिवलं. लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर उसवलं. बाई ह्यांना बोलायला आली. हे शांत. 'ताई, कात्री माझी, माप तुमचं. फुकट गेलं ते कापड.' मी तेव्हा किती हसले होते.

कृष्णमूर्तीने पंप धुवायला लिंबाचा रस मागितला. बारा लिंबं पिळली. चुना फसफसून सुटला. त्याला म्हटलं, निनादला काही सांगू नको, मी सांगते.

१५ सप्टेंबर

सांगितलं नाही. आधी त्याचाच फोन. कृष्णमूर्तीने टाकीचा फोटो पाठवला होता. निनादचा आवाज घाबरलेला. 'आजी, टोकं पांढरी झालीत! केएच कमी पडतोय. मी आता मशीन दुप्पट करतो.'

म्हटलं, 'नको!'

'अगं, मरेल तो. चार वर्षं—'

म्हटलं, 'कमी नाही. बारा आहे. सहा नाही, बारा.'

'बारा? आजी, कधीपासून?'

'पंधरा दिवस.'

'पण तू तर रोज सहा...'

आणि मग मी जे बोलले ते त्या खोट्याहून खोटं. म्हटलं, 'मोजायला चुकत होते रे. वय झालं. हात थरथरतो.'

माझा हात! ज्या हाताने मी अजून दहा नंबरच्या सुईत दोरा ओवते!

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावला नाही. आवाज एकदम मऊ केला, लहान मुलाशी बोलावं तसा. 'असू दे आजी. तुझी काही चूक नाही. माझीच आहे. तुझ्यावर एवढा भार टाकायलाच नको होता.'

१६ सप्टेंबर

मशीन त्याने तिकडून बंद केलं. कृष्णमूर्तीने निम्म्याहून थोडं कमी पाणी बदललं. फोन नाही. जांभळा बुडापासूनही सुटायला लागलाय. कातडी निघून आतलं हाड दिसतं.

नवराबायको मासे मात्र ठणठणीत. बायको टोचतेय.

१७ सप्टेंबर, बुधवार

फोन आला, चित्रासकट. जांभळा कापावा लागेल म्हणाला. वरची टोकं गेली, खालचं बूड गेलं. मधलं तेवढं जिवंत आहे, तेवढं कापून दुसऱ्या दगडावर चिकटवायचं. 'कृष्णमूर्तीला बोलवू? तुझा हात...'

म्हटलं, 'कापायला मला सांगतोस आणि हात विचारतोस? शिंप्याची बायको आहे मी.'

कात्री वेगळी असते, जाड. फोन भिंतीला टेकवून ठेवला, त्याला दिसेल असा. जिवंत कुठे संपतं आणि मेलेलं कुठे सुरू होतं ते बघितलं. कुठल्याच कापडावर इतका वेळ विचार केला नसेल. मग कापलं. कटकन आवाज झाला. तीन तुकडे मिळाले, करंगळीएवढे. गोंदाने दगडावर बसवले. हात जरासुद्धा हलला नाही. त्याने बघितलं असेल.

शेवटी म्हणाला, 'छान कापलंस.'

१९ सप्टेंबर

अकरा. खरं अकरा. आता खरंच सांगते. त्याने अंगठा पाठवला.

२१ सप्टेंबर, रविवार

अरुण आला. एकटाच, सकाळी आणि संध्याकाळी परत. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. निनादने सांगितलं म्हणे त्याला. डॉक्टर म्हणाले, 'या वयाला एवढी नजर! काही नाही झालं.' अरुण म्हणाला, 'मग आई, मोजायला कशी चुकलीस?'

म्हटलं, 'डोक्याच्या डॉक्टरकडे पुढच्या खेपेला ने.'

हसला नाही. गाडी चालवताना तीनदा माझ्याकडे बघितलं.

२३ सप्टेंबर

नऊ. तीन तुकड्यांपैकी एक गेला. दोन धरलेत.

दसऱ्याचे दिवे लागलेत रस्ताभर. गल्लीतली सगळी बघायला गेली. मालतीबाईंना नातू झाला, नंजनगूडहून कळवलं. मी म्हटलं, नाव ठेवायला येते. त्या म्हणाल्या, 'तुमच्या माशांना कोण बघणार?' बरोबरच आहे.

२७ सप्टेंबर

आठ. सगळं जागेवर आलं.

आणि आज निनादचा फोन, आनंदात! 'आजी, तुझ्यासाठी सरप्राइज! आपोआप मोजणारं मशीन मागवलंय. दिवसातून सहा वेळा स्वतः पाणी घेतं, स्वतः थेंब टाकतं, आकडा थेट माझ्या फोनवर. तुला आता काहीच करायला नको!'

म्हटलं, 'वा.'

'आराम कर तू.'

वा म्हटलं मी.

२९ सप्टेंबर

कृष्णमूर्तीने मशीन बसवलं. डब्याएवढं. दोरा गुंडाळायच्या चरखीसारखा आवाज करतं, मग गप्प. माझ्या थेंबांच्या बाटल्या त्याने पिशवीत घातल्या. 'अज्जी, इन्नु बेड.' आता नको.

म्हटलं, राहू दे इथेच. कपाटात ठेवल्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

ह्यांच्या शिलाईमशीनला हळदकुंकू लावलं, झेंडू घातला. कात्र्या मांडल्या. आज हत्याराला काम देत नाहीत, त्यांचा विसाव्याचा दिवस. हॉलमधलं नवं मशीन तेवढ्यात चरखीसारखं वाजलं. त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्यालाही कुंकू लावलं. मनातून नाही लावलं.

२ ऑक्टोबर

निनादने सगळ्यांना एकच निरोप पाठवला. सोन्याची पानं, खाली काहीतरी लिहिलेलं. मला वाचता येत नाही ते त्याला माहीत आहे. घाईत विसरला असेल.

४ ऑक्टोबर

फोन नाही. का करेल? त्याला मशीन सांगतं सगळं. मी बसून बघते. सकाळी नऊला वाजतं, मग दुपारी एकला. एकाच्या वेळेला मी मुद्दाम बाटल्या काढून मोजलं. आठ. मशीनही तेच म्हणत असणार. खोटं बोलत नाही ते. त्याला कशाला बोलावं लागेल.

काल दिवसभरात मी कुणाशी बोलले ते आठवून बघितलं. भाजीवाल्याशी. मग या फोनशी. आणि माशांना एकदा 'पुरे गं' म्हटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

फोन नाही. रविवार असून नाही.

मी करू? करून काय म्हणू? पाण्याचं तर काही सांगायचं उरलं नाही. माझ्याकडे नुसतं मी आहे, त्याचा आकडा येत नाही.

६ ऑक्टोबर

फोन लावला. फोनलाच म्हटलं, निनादला लाव. लावला.

लगेच उचलला. 'आजी, काय झालं? मशीन तर आठ दाखवतंय!'

म्हटलं, 'मशीन बरोबर आहे. पाणी बरं आहे. मी बरी नाही.'

'दुखतंय का काही?'

'दुखत नाही. मोजायला मी चुकले नव्हते, निनाद. पहिल्या दिवसापासून खरा आकडा माहीत होता मला. सहा म्हटलं की तुझा फोन यायचा. म्हणून म्हटलं.'

मग तिकडे कुणाला तरी इंग्रजीत काही सांगितलं. दार लागल्याचा आवाज आला.

'बोल आजी,' म्हणाला. 'बसलोय मी.'